सोवळ्यातली परभाषा

आमच्या समाजात अलीकडे एका मताला फार प्रतिष्ठा लाभली आहे. देवस्थानांच्या वार्षिक सभांत, विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभांत, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ते हमखास ऐकू येते. मत असे की, मुलांनी जर्मन शिकावे, जपानी शिकावे, पोर्तुगीज तर अवश्य शिकावे. पोटापाण्याला उपयोग आहे, परदेशाची वाट मोकळी होते. मात्र भाषेपुरतेच शिकावे. त्या लोकांचे आचारविचार, त्यांच्या चालीरीती, त्यांचा धर्म, त्यांचे जेवणखाण यांच्या नादी लागू नये. भाषा घ्यावी आणि रीत बाहेर ठेवावी. देवळात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवतात, तितकेच हे सोपे आहे, असा एकूण समज दिसतो.

या मताला आम्ही सोवळ्यातल्या परभाषेचे मत म्हणतो. ते बाळगणारी माणसे सज्जन आहेत, मुलांचे हित चिंतणारी आहेत, हे मान्य. तथापि सज्जनांचा चुकीचा हट्ट फार दिवस चालतो, कारण त्याला विरोध करण्याचा सर्वांनाच संकोच वाटतो. तो संकोच बाजूस ठेवून आम्ही स्पष्ट म्हणतो की, हे मत चुकीचे आहे, ते मुलांचे नुकसान करीत आहे, आणि देवळांचेही करीत आहे.

या मताला साजेसे वर्गही निघाले आहेत. सहा महिन्यांत अमुक पायरी, वर्षात तमुक पायरी, आणि शेवटी हाती प्रमाणपत्र. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या ज्या सहा पायऱ्या आखून प्रसिद्ध केल्या, त्यांची नावे आता आमच्या घरोघरी पंचांगातल्या तिथींसारखी तोंडपाठ आहेत. परंतु शिकणाऱ्याने स्वतःच्या आणि परक्याच्या संस्कृतीतील साम्य व भेद ओळखावा, दोहोंमध्ये दुवा व्हावे, असेही त्याच आराखड्यात लिहिले आहे. त्याचा मात्र कोणी उच्चार करीत नाही. पाठ्यपुस्तकात तसे एखादे पान आले की, 'हे परीक्षेत येत नाही' असे सांगितले जाते, मुले पान उलटतात आणि पालकांना हायसे वाटते.

परभाषेचे क्षणभर राहू द्या. आपल्याच भाषेकडे पाहू. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. गोव्यातल्या घरात 'वचून येतां' म्हणतात. संध्याकाळी दुकान बंद करणारा वाणी दुकान 'वाढवतो'. बांगडी फुटली असे सुवासिनीच्या तोंडून निघत नाही, बांगडी 'वाढवली' असे निघते. देवापुढे नारळ फोडीत नाहीत, 'वाढवतात'. आणि पंगतीत भात वाढतात तो वेगळाच. आता एखादा परदेशी विद्यार्थी 'वाढवणे म्हणजे वृद्धी करणे' एवढे कोशातून घोकून फोंड्याच्या बाजारात आला, आणि दुकानदाराने त्याला सांगितले की, दुकान वाढवले आहे, उद्या या. तर तो त्या दुकानदाराचे मनःपूर्वक अभिनंदन करील! त्याच्या व्याकरणात दोष नाही, उच्चारही कदाचित शुद्ध असेल. त्याला एवढेच कोणी शिकवले नाही की, या लोकांना संपणे, फुटणे, विझणे, जाणे ही क्रियापदे घरात नकोशी वाटतात, अशुभ ओठांवर येऊ नये म्हणून ते त्यांच्या जागी वाढीचा शब्द ठेवतात. ही समजूत भाषेत मोडते की संस्कृतीत? ज्यांना दोन्ही वेगळे करता येतात असे वाटते, त्यांनी 'वाढवणे' या एका क्रियापदातून संस्कृती काढून दाखवावी, मग आम्ही हा लेख मागे घेऊ.

जे मराठीला लागू तेच जपानीला, आणि तेथे ते पदोपदी लागू. आमच्या मुलाला लहानपणापासून वळण असते की, वडीलधाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा उल्लेख सदैव आदरार्थी बहुवचनाने करावा. ते समोर असोत वा नसोत. तो जपानी कचेरीत कामाला लागतो, बाहेरच्या कोणाचा तरी दूरध्वनी येतो, आणि तो आपल्या वरिष्ठाच्या नावापुढे 'सान' हा आदराचा प्रत्यय लावून, आदरार्थी क्रियापद योजून सांगतो की, साहेब आता जागेवर नाहीत. शब्द सगळे बरोबर, हेतू निर्मळ. आणि तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ते खटकते. कारण तेथील रीत अशी की, बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या गोटातल्या माणसाचा, मग तो कितीही मोठा असो, उल्लेख नम्रतेच्या रूपाने करावयाचा; परक्यासमोर आपल्यांना मोठे करणे म्हणजे स्वतःलाच मोठे करणे. आत कोण, बाहेर कोण, याची ही वाटणी व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्ययांच्या कोष्टकासारखी दिसते, परंतु ती समाजाची घडण आहे. कोष्टक पाठ केलेला मुलगा आदर दाखवण्याच्या भरात उद्धट ठरतो, आणि आपण कोठे चुकलो हे त्याला कळतही नाही.

याच भाषेतला दुसरा शब्द पाहा. जेवावयास बसताना जपानी माणूस 'इतादाकिमासु' म्हणतो. वर्गात त्याचा अर्थ 'आता मी जेवतो' असा सांगून मोकळे होतात. मूळ क्रियापदाचा अर्थ आहे डोक्यावर धरणे, आणि त्यावरून, नम्रपणे स्वीकारणे. ज्या मुलाने आजीला प्रसाद कपाळी लावून मग तोंडात घालताना पाहिले आहे, त्याला हा शब्द एका क्षणात कळेल, जन्मभर विसरणार नाही. म्हणजे येथे परकी संस्कृती शिकल्याने आपली सुटत नाही, उलट तीच उपयोगी पडते. असा सोपा दुवा हाती असताना तो तोडून मुलाला 'आता मी जेवतो' हे कोरडे वाक्य घोकावयास लावणे, याला आम्ही शिक्षण म्हणत नाही.

जर्मन भाषेची गोष्ट अधिक घरगुती आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. आपल्याकडे आग्रह हा पंगतीचा प्राण. वाढणाऱ्याने म्हणावयाचे, आणखी घ्या. खाणाऱ्याने म्हणावयाचे, नको नको. आणि पुन्हा वाढणाऱ्याने म्हणावयाचे, अहो, एवढे तरी घ्याच. पहिल्या 'नको'चा अर्थ नको असा नसतो, हे वाढप्यालाही ठाऊक असते. हे वळण अंगी मुरलेला मुलगा जर्मन कुटुंबात जेवावयास जातो, यजमानीण विचारते, तो संकोचाने म्हणतो, नको. आणि ती भांडे उचलून आत नेते! त्या देशात पाहुण्याचा शब्द खरा मानणे हाच पाहुण्याचा मान. काही पुढे केले असता नुसते 'डांके' म्हटले, तरी ते पुष्कळदा 'धन्यवाद, नको' असेच समजले जाते. मुलगा अर्धपोटी घरी येतो, आईला कळवतो की हे लोक फार रुक्ष आहेत, आणि आई ते देवळात भेटणाऱ्या प्रत्येकीला सांगते. एका 'नको'च्या गैरसमजाने सबंध राष्ट्र रुक्ष ठरते. इकडे रविवारी सकाळी त्याने भिंतीत खिळे ठोकले म्हणून शेजारी दार वाजवतो, तेव्हा मुलाला तो वर्णद्वेष वाटतो. रविवारच्या विश्रांतीला त्या देशात घटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले ते कलम १९४९ च्या मूलभूत कायद्याने जसेच्या तसे आपल्यात घेतले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वर्णद्वेष जगात नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु खरा द्वेष कोणता आणि शेजाऱ्याचा साधा हक्क कोणता, हे ओळखावयाचे तर त्याची रीत माहीत हवी. आज आमच्या घरांतील मुली जर्मनीत रुग्णसेवेला जात आहेत. तेथे रोग्याच्या 'नको'चा अर्थ चुकला, तर प्रकरण पंगतीपुरते राहत नाही.

येथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, परदेशी जाणाऱ्यांनी आपले पाहून घ्यावे; देवळाचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो देवस्थानच्या कागदांच्या कपाटातच आहे.

गोव्यातील देवळांचा कारभार १९३३ च्या 'रेगुलामेंतु दश माझानियश' या नियमावलीखाली चालतो. पोर्तुगीज राज्य १९६१ साली गेले, ही नियमावली राहिली. 'माझानिया' हा शब्द आपल्या 'महाजन' शब्दालाच पोर्तुगीज वळण देऊन घडवलेला. त्या नियमांनुसार देवस्थानची जी घटना असते, ज्यात महाजन कोण, हक्क कोणाचे, उत्सव कोणते, हे लिहिलेले असते, तिला 'कॉम्प्रोमिस्सु' म्हणतात. आता आमच्यातील एखाद्या हुशार मुलाने, सहा महिन्यांचा वर्ग पुरा करून, हा कागद वाचावयास घेतला असे समजा. इंग्रजीच्या सवयीने त्याला वाटणार, ही कसली तरी 'तडजोड' आहे. कोश उघडला तर सापडेल 'वचन', 'बांधिलकी', फार तर 'भेटीची ठरवलेली वेळ'. यांतून देवळाची घटना हा अर्थ त्याला कसा लागावा? तो लागतो पोर्तुगालमधील ख्रिस्ती बंधुसंघांच्या परंपरेतून. दानधर्म, आजाऱ्यांची शुश्रूषा, मृतांची उत्तरक्रिया यांसाठी तेथे जे बंधुसंघ निघाले, त्यांच्या सभासदांना बांधणाऱ्या नियमसंहितेला कॉम्प्रोमिस्सु म्हणत. लिस्बनच्या मिझेरिकॉर्दिया या संघाचा कॉम्प्रोमिस्सु १५१६ साली छापला गेला. हिंदू देवळांच्या कारभाराला चौकट घालताना राज्यकर्त्यांनी आपल्या घरचाच शब्द उचलला. तात्पर्य, मंगेशाच्या वा शांतादुर्गेच्या महाजनांचे हक्क ज्या शब्दाखाली नोंदलेले आहेत, तो समजून घेण्यास ख्रिस्ती बंधुसंघ म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते. ज्यांना 'त्यांची संस्कृती' मुळीच नको, त्यांनी आपल्याच देवाचा कागद कोणाकडून वाचून घ्यावयाचा? वकिलाकडून, असे उत्तर येईल. तसे असेल तर मुलांना पोर्तुगीज कशासाठी शिकवता?

त्याहून जुने कागद हाती घेतले तर अडचण आणखी वाढते. जुन्या पोर्तुगीज लेखांत देवळाला 'पागोद' म्हणतात, आणि तोच शब्द देवाच्या मूर्तीलाही लावतात. वाक्यावरून ओळखावे लागते. आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाला मौजमजेचा अर्थ आला आहे, आणि ब्राझिलात तर तो सांबा संगीताच्या एका प्रकाराचे नाव आहे. हिंदूला त्या कागदांत 'जेन्तीयु' म्हटलेले असते. हा शब्द मुळात ख्रिस्ती नसलेल्या मूर्तिपूजकासाठीचा. सोळाव्या शतकातील पाद्री तो लिहितो तेव्हा त्यात तिरस्कार असतो; पुढच्या काळातला एखादा कारकून लिहितो तेव्हा ती पुष्कळदा नुसती दप्तरी सवय असते. हा फरक ओळखण्यास त्या काळची चर्च, तिची विचारपद्धती, त्या दप्तराची बोली माहीत हवी. नाही तर वाचणारा एक तर प्रत्येक ओळीवर संतापतो, नाही तर कोणत्याच ओळीवर नाही. आणि दोन्ही प्रकारचे वाचक इतिहासाला निरुपयोगी.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तो उपयोगाचा नाही, भीतीचा आहे. संस्कृती शिकली की मुले बाटतात, असे स्पष्ट शब्दांत कोणी म्हणत नाही. परंतु मनात असते तेच. ही भीती हसून घालवण्यासारखी नाही. ज्या समाजाने सोळाव्या शतकात आपले देव रातोरात उचलून नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. त्या समाजाच्या पोटात परक्याच्या रीतीची धास्ती राहिली तर ते स्वाभाविक आहे. पण त्याच इतिहासाची पुढची पाने उलटावीत.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि चाळीस वर्षांनी, १६१९ साली, येथेच वारला. त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले, जे त्याच्या पश्चात १६४० साली रायतूर येथे छापले गेले. आणि मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली रोमन लिपीत निघाले. येथील नवख्रिस्त्यांना पुराण ऐकण्याची सवय आहे, ओवी त्यांच्या कानांत आहे, स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात, हे सर्व त्याने हेरले आणि येशूची कथा त्याच साच्यात ओतली. भाषा घेऊन रीत बाहेर ठेवण्याचा मूर्खपणा त्याने केला नाही. मग तो हिंदू झाला काय? तसूभरही नाही. त्याच्यामागून एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच पाद्र्याने १६२९ साली संत पीटरच्या चरित्राचे ओवीबद्ध पुराण छापले. त्यात आमच्या देवतांवर जी टीका आहे, ती आमची पुराणे वाचल्यावाचून कोणाला लिहिता आली नसती. आमच्या संस्कृतीचा असा कसून अभ्यास करणारे हे दोघेही अखेरपर्यंत कट्टर ख्रिस्तीच राहिले. आणि ज्या शस्त्राने त्यांनी आमच्या घरात वाट काढली, ते शस्त्र हातात धरू नका, असे आम्ही आमच्या मुलांना सांगत आहोत!

याच्या उलट उदाहरण आल्वोरच्या काउंटाचे. या व्हाइसरॉयाने १६८४ साली हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली मातृभाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. तीन वर्षे होऊन तीन शतके लोटली. कोकणी घरांत आहे, देवळांत आहे, चर्चमध्ये आहे, आणि १९९२ पासून भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही आहे. ओवी शिकलेल्या पाद्र्याने जे साधले ते फर्मान काढणाऱ्या राज्यपालाला साधले नाही.

आमच्या बाजूनेही ही विद्या जाणणारे लोक होते. पोर्तुगीज सरकारच्या अधिकृत दुभाष्याला 'लिंग्वा दु एस्तादु', राज्याची जीभ, असे नाव होते, आणि ते काम अनेक वेळा येथील शेणवी घराण्यांकडे असे. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ साली पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा हिंदू, मुसलमान, यहुदी व पारशी मध्यस्थांचा इतिहास दिला आहे. या दुभाष्यांचे काम कल्पनेत आणून पाहावे. एकीकडे लिस्बनच्या राजाची आणि व्हाइसरॉयाची बिरुदे, दुसरीकडे 'राजश्री, अखंडित लक्ष्मी अलंकृत' हा मराठी दरबारचा मायना. कोणाला कोणता लावावयाचा, कोठे एक पायरी कमी झाली तर अपमान होईल, कोणता नकार गोड शब्दांत लपला आहे, हे ज्याला कळत नव्हते त्याला त्या जागेवर एक दिवसही काढता आला नसता. आणि जे हिंदू दुभाषे रोज पाद्र्यांत, फिदाल्गूंत वावरले, पोर्तुगीज रीतिरिवाज ज्यांच्या नखाग्री होते, ते संध्याकाळी घरी येऊन देवापुढे दिवा लावीतच होते. ज्यांच्यावर राज्यसत्तेचा दाब होता ते बाटले नाहीत, आणि वातानुकूलित वर्गात दोन धडे वाचून आमची मुले बाटणार?

धर्मानंद कोसंबींचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. सांखवाळचा हा मुलगा, जन्म १८७६ चा. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे पायपीट करीत तो सिंहलद्वीपास पोहोचला, तो पाली शिकण्यासाठी. कोलंबोच्या विद्योदय विहारात राहून, तेथील भिक्षूंबरोबर उठून-बसून, त्यांचे नियम पाळून ते पाली शिकले. त्यांच्या दृष्टीने ग्रंथ आणि विहार या दोन गोष्टी नव्हत्या. म्हणून पुढे हार्वर्डच्या पंडितांना 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी या गोवेकराला बोलवावे लागले. कोणी चटकन म्हणेल, पाहा, ते भिक्षू झाले, आमचीच बाजू सिद्ध झाली! नाही. ज्या बुद्धचरित्राने त्यांना घराबाहेर ओढले ते त्यांनी 'बालबोधमेवा' या मराठी मासिकात वाचले होते. बुद्ध त्यांच्या मनात मराठीतून शिरला, पाली नंतर आली. तेव्हा भीतीच बाळगावयाची तर मराठी मासिकांचीही बाळगावी लागेल, आणि मग हे पानही वाचकांनी मिटलेले बरे.

गोव्याबाहेरच्या आमच्या वाचकांना यातले पुष्कळसे सांगण्याची गरजच नसावी. बडोद्याच्या मराठी घरात गुजराती नुसती शब्दांनी आली नाही. नवरात्रात मुली गरब्याला जातात आणि भाद्रपदात घरचा गणपतीही बसतो. हैदराबादेतील मराठी माणूस उर्दू शिकला तो तिच्या अदबीसकट, आणि त्याचे पंढरपूर त्यामुळे दूर गेले नाही. बेळगावकडील वाचक, सीमेच्या प्रश्नावर त्यांचे मत काहीही असो, एवढे मान्य करतील की, केवळ सरकारी अर्ज भरण्यापुरती शिकलेली शेजाऱ्याची भाषा शेजाऱ्याच्या लग्नात तोंडातून निघत नाही.

मात्र आमचा वाद केवळ सोवळेवाल्यांशी नाही. दुसऱ्या टोकाला असे वर्ग आहेत की, तेथे संस्कृतीच्या नावाने चित्रांची जत्रा भरते. पोर्तुगाल म्हणजे फादो आणि मासळी, जर्मनी म्हणजे बिअरचा उत्सव, जपान म्हणजे किमोनो आणि चेरीची फुले. अशाने कोणी शहाणे होत नाही. मोदक, लावणी आणि फेटा एवढ्यावर कोणी मराठी माणूस ओळखू लागला तर आपणांस चालेल काय? पोर्तुगीज शिकणाऱ्याला आधी हे कळले पाहिजे की, 'व्होसे' हे संबोधन ब्राझिलात सर्रास चालते आणि पोर्तुगालमध्ये पुष्कळदा कानाला टोचते. की तेथे माणसाला 'सिन्योर इंजेन्येइरु', 'सिन्योरा दोतोरा' असे पदवीसह हाक मारण्याचा प्रघात अजून आहे. की आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु' म्हणावे आणि स्त्रीने 'ओब्रिगादा', समोर कोणीही असो. फादो नंतर ऐकता येईल.

आणि या सगळ्यात जी उणीव आम्हांस सर्वांत अधिक बोचते ती आपल्या घरची आहे. देवळात परदेशी पाहुणे येतात. दीपस्तंभाकडे बोट दाखवून विचारतात, हा मनोरा कशासाठी? गाभाऱ्यात आम्ही का जायचे नाही? तीर्थ म्हणजे केवळ पाणीच ना? देवळाला अशा युरोपीय कमानी आणि काचेची झुंबरे कशी? प्रश्न साधे आहेत. उत्तर देण्यास उभा असलेला मुलगा जर्मनची चौथी पायरी उत्तीर्ण झालेला असतो, आणि तो गप्प असतो. त्याला जर्मन येत नाही म्हणून नव्हे. सोवळे म्हणजे काय, हे त्याने मराठीतही कधी कोणाला विचारलेले नसते म्हणून. मग तो मूर्तीला इंग्रजी शाळेतून उचललेला एक शब्द लावतो, प्रसादाला 'गोड पदार्थ' म्हणतो, आणि पाहुणा आपल्या देशी जाऊन तसेच लिहितो. या विषयाचे इंग्रज अभ्यासक मायकेल बायरम यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, परभाषा शिकणाऱ्यासमोर त्या देशात जन्मलेल्या माणसाची नक्कल हे ध्येय ठेवू नये. दोन समाजांच्या मध्ये उभे राहून एकाचे दुसऱ्याला उलगडून सांगणारा माणूस घडावा. आमचे सोवळेवाले मित्र हे वाचतील तर त्यांची अर्धी भीती मावळेल. दुवा व्हावयाचे तर दोन्ही काठ पक्के लागतात, आणि आपला काठ आज पलीकडच्याइतकाच ढासळता आहे.

एक नवा युक्तिवाद हल्ली पुढे येतो की, आता खिशातले यंत्रच भाषांतर करते, मग एवढा खटाटोप कशाला? यंत्र शब्दांचे भाषांतर उत्तम करते, दिवसेंदिवस अधिक चांगले करील, याबद्दल आम्हांस शंका नाही. कॉम्प्रोमिस्सुचा अर्थही ते उद्या बरोबर सांगेल. परंतु जेवणाच्या टेबलावर पहिल्या नकारानंतर यजमानीण भांडे उचलते तेव्हा खिशात हात घालण्यास वेळ नसतो. आणि यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे पारखण्यास जे ज्ञान लागते, त्याविषयीच तर हा सारा वाद आहे.

राहिला प्रश्न, शिकवावयाचे कोणी? शिक्षकांना वेळ नाही, अभ्यासक्रमात जागा नाही, निधी नाही, ही उत्तरे तयारच असतात. परंतु दरवर्षी जत्रेला लिस्बनहून, म्युनिकहून, ओसाकाहून आपलीच माणसे येतात. पालखीला खांदा देतात, महाप्रसाद घेतात, आणि आपण त्यांना शाल-श्रीफळ देऊन खाली बसवतो. त्यांना जत्रेच्या दुसऱ्या दिवशी अग्रशाळेत दोन तास बसवावे, आणि समोर परभाषा शिकणारी मुले बसवावीत. घर भाड्याने घेताना काय विचारले गेले, शेजारी कशाने रागावला, मयताच्या घरी गेल्यावर तोंडातून कोणता शब्द काढावा, कोणत्या विनोदावर कोणी हसले नाही, हे मुलांनी विचारावे. सांगणाऱ्याने आधी त्या भाषेत सांगावे, मग मराठीत वा कोकणीत उलगडावे. याला खर्च दोन किटल्या चहाचा. आणि देवस्थान समित्यांनी पुढील वर्षीच्या पारितोषिकांच्या नियमांत एक कलम वाढवावे, कोणत्याही अर्थाने: परभाषेचे प्रमाणपत्र आणणाऱ्या विद्यार्थ्याने बक्षीस घेण्यापूर्वी दीपस्तंभापाशी उभे राहून, त्याच भाषेत, दहा मिनिटे, आलेल्या परक्या पाहुण्याला आपले देऊळ समजावून सांगावे, आणि त्या पाहुण्याच्या गावच्या देवळाविषयी वा चर्चविषयी त्याला एक तरी जाणता प्रश्न विचारावा.